कोकोच्या बरणीवरचं अक्षर

मुलगी अकोल्याला कृषीचं शिकायला निघाली, तेव्हा तिला बसमध्ये बसवता बसवता मी एकच उपदेश केला. काकूच्या घरी राहणार आहेस, पाहुणीसारखी बसून राहू नको, तिच्या हाताखाली कामाला लाग. पोरीनं आयुष्यात माझा एवढा एकच उपदेश पाळला आणि तोही असा, की दोन वर्षांत ती काकूचा उजवा हात झाली. धोंडा मीच माझ्या पायावर पाडून घेतला होता.

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. दिराची नोकरी अकोल्यात, आमचं बिऱ्हाड अमरावतीत. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला नावं ठेवाल, आणि ती ठेवलीच पाहिजेत. जिच्या ओटीत देवानं काही घातलं नाही, तिचा हेवा करणारी बाई मी. पण हेव्याला हिशेब कळत नाही. तो डोळ्यांना जे दिसेल त्यावर जातो.

माझ्या बाबतीत तो कानांतून शिरायचा. रोज संध्याकाळी पोरीचा फोन. "आई, काकूनं आज डोक्याले तेल लावून देल्लं, लय झोप लागली." ही तीच पोरगी, जी माझ्या हातात तेलाची बाटली पाहिली की गच्चीवर पळायची. "आई, तू भरतात कांद्याची पात नाही टाकत का वो? काकू टाकते." सतरा-अठरा वर्षं हिनं माझ्या हातचं भरीत खाल्लं, बोटं चाटून खाल्लं. त्यात काय कमी आहे ते अकोल्याला गेल्यावर कळलं. मी फोन ठेवायचे आणि नवऱ्यावर डाफरायचे. तो बिचारा म्हणायचा, "पोरगी सुखात हाये, तुले काय होऊन राहिलं?" पोरगी सुखात होती, हेच तर मला होऊन राहिलं होतं.

गेल्या वर्षी डिसेंबर संपता संपता असाच एक फोन आला. संक्रांत तोंडावर आली होती. आमच्याकडं हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाण म्हणून काय लुटायचं, यात दरवर्षी माझाच शब्द चालतो. एका वर्षी गाळण्या दिल्या, एका वर्षी साबणाच्या डब्या, मग तीन वर्षं ओळीनं प्लास्टिकचे डबे. दसरा झाला की मी बाजार हिंडायला लागते. वाण असं पाहिजे की चार बायांनी उलटसुलट करून बघितलं पाहिजे.

"आई, यंदा वाणाचं तू काई आणू नको," मुलगी म्हणाली. "मी अन् काकू कोको बनवून राहिलो. घरीच. दुधाची पावडर, पिठीसाखर, कोको पावडर, सगळं चाळायचं अन् लहान लहान बरण्यायत भरायचं. गरम दुधात दोन चमचे टाकले की झालं. तुह्या डब्यापेक्षा स्वस्त पडते, अन् लोकायच्या पोटात तरी जाते."

पोटात तरी जाते म्हणे. माझे डबे माळ्यावर जातात हे ती बोलली नाही, पण मला स्वच्छ ऐकू आलं.

"मलेही सांग ना कसं करते ते," मी आवाजात साखर आणून म्हटलं. "किती घ्यायचं काय काय?"

"थांब, काकूले विचारून सांगते."

मी म्हटलं, राहू दे. माझ्याच पोरीला काही विचारावं आणि तिनं ते दुसरीला विचारून मला सांगावं, इतकी वेळ माझ्यावर अजून आली नव्हती. फोन ठेवला तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. जन्मात कधी कोको प्यायले नव्हते मी. पण त्या क्षणी ठरवलं की मीही करणार, आणि असा करणार की अकोल्याच्या कोकोला कुणी विचारणार नाही.

विचार करता करता मला मोठा मुद्दा सापडला. संक्रांतीच्या वाणात साखर कशी चालेल? गूळ पाहिजे. मी गुळाची पावडर आणली, दुधाची पावडर आणली, कोकोचा डबा आणला, चिमूटभर सुंठ आणि जायफळ घातलं आणि मैद्याच्या चाळणीतून तीनदा चाळलं. स्वयंपाकघरभर तो तपकिरी धुरळा उडाला, नाकात गेला, शिंका आल्या. मग चव पाहिली. दुधाची पावडर आत आहेच, वरून पुन्हा दूध कशाला नासा, म्हणून कपभर गरम पाण्यात कालवली. खोटं कशाला बोलू, सुरेख झाली होती. नवऱ्यानं दोन कप घेतले आणि तिसऱ्याला कप पुढं केला.

बरण्या मात्र मला जावेसारख्याच हव्या होत्या. मुलीनं फोटो पाठवला होता, तो घेऊन मी बाजारात दुकानं पालथी घातली. शेवटी काचसामानाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी माझा फोन लांब धरून पाहिला आणि आतून एक खोका काढला. "हूबहू यही है बेटी. एक जैसीच है, कोई फरक बता दे तो पैसे वापस." मला तेच पाहिजे होतं. हिची बरणी छान, तिची साधी, असं कुणाला म्हणायला जागा ठेवायची नव्हती.

आमचं हळदीकुंकू संक्रांतीनंतरच्या रविवारी होतं. सकाळी जाऊ आणि मुलगी दोन पिशव्या घेऊन आल्या. मुलीनं एक बरणी काढून माझ्या हातात दिली आणि माझा चेहरा बघत उभी राहिली. मी बरणीकडं बघितलंच नाही, तिच्यावरच्या कागदाकडं बघितलं. प्रत्येक बरणीवर पोरीनं स्वतःच्या हातानं लिहून कागद चिकटवला होता. आता हे अक्षर कुणाचं आहे ते सांगते. दुसरीत असताना ही पोरगी कोंबडीचे पाय काढायची. मी रोज पोळ्या लाटता लाटता हिला ओट्याजवळ बसवून एकेक अक्षर घोटून घेतलं. तिच्या 'क'ची शेपूट, 'ग'चा काना, सगळं माझ्या हाताखालचं. आणि ते अक्षर आता काकूच्या कोकोवर.

"झाला ना छान?" ती म्हणाली.

"झाला," मी म्हटलं. "म्याही थोडा केला हाये."

दोघी साड्या नेसायला आतल्या खोलीत गेल्या. पिशवीत उरलेले कागद होते, तसेच लिहिलेले, दोऱ्यानं बांधून ठेवलेले. मी ते घेतले आणि भराभर माझ्या बरण्यांवर चिकटवले. मला कुणाला फसवायचं नव्हतं. माझ्याही बरणीवर माझ्या पोरीचं अक्षर असावं, एवढंच मला वाटलं. त्यावर लिहिलं होतं, 'गरम कोको. कपभर उकळत्या दुधात दोन चमचे.' ते मी प्रेमानं बघितलं, वाचलं मात्र नाही.

जाऊ पदराला पिन लावत स्वयंपाकघरात आली. तिनं माझी एक बरणी उघडली, वास घेतला, बोटावर घेऊन चाखलं.

"ताई, यात गूळ टाकला काय?"

"संक्रांत हाये. गूळ नाही टाकायचा त काय टाकायचं?"

"नाही, चव चांगली हाये. पण ताई, मंग ते दुधात..."

"आता बाया यायची वेळ झाली," मी म्हटलं आणि तिच्या हातातली बरणी काढून घेतली. दारात खरंच चपला वाजल्या. तिचं वाक्य तसंच राहिलं.

वाण लुटायला मी पुढं झाले. माझ्या बरण्या माझ्या हाताशी ठेवल्या, जावेच्या बरण्या मागं सरकवल्या. माझ्या नणंदबाई मोर्शीहून आल्या होत्या. दोघा भावांहून थोरल्या, तोंडानं फटकळ, त्यांनी एखादी गोष्ट चांगली म्हटली की ती आमच्या सगळ्या गोतावळ्यात चांगली ठरते. त्यांच्या ओटीत मी निवडून माझी बरणी घातली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "पोरीचं अक्षर किती सुंदर वो," म्हणाल्या. माझी छाती भरून आली. वाण अकोल्याहून आलं हे सगळ्यांच्या कानावर आधीच होतं, मी ते खोडलं नाही.

तीन दिवसांनी समोरच्या घरच्या वहिनी फाटकाशी भेटल्या. "काहो वहिनी, त्या कोकोनं आमचं दूध नासलं. उकळी आली अन् पाणी येगळं, चोथा येगळा."

जावेचं अर्धं वाक्य एकदम पूर्ण झालं. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतं. हे काय मला माहीत नव्हतं? लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात गुळाचा चहा करते. गॅस बंद करून वरून दूध घालते, तेही जपून. पण कोको म्हटल्यावर माझ्या डोक्यातून चहा निघून गेला होता. कोको काहीतरी अकोल्याची गोष्ट होती.

आणि मी काय म्हणाले? "असं का? अकोल्याहून आलं होतं ते." इतकं सहज तोंडातून गेलं, की मलाच नवल वाटलं. घरात येऊन मी मनाची समजूत घातली. एका घरी नासलं, दूधच जुनं असेल. आपलं ठेवायचं झाकून, तसं ते झाकून ठेवलं.

रथसप्तमीला जावेकडं अकोल्यात हळदीकुंकू असतं. त्या दिवशी सकाळी अंगणात गोवरीवर बोळक्यात दूध तापवून उतू घालायचं असतं. मी आदल्या दिवशीच पोहोचले होते. जावेनं आणि माझ्या मुलीनं मिळून रांगोळी काढली, सूर्याचा रथ काढला, दूध उन्हाकडं उतू गेलं. दोघी एकदम म्हणाल्या, "गेलं, गेलं!" आणि हसल्या. मी मागं ताट धरून उभी होते. कुणी मला उभं राहायला सांगितलं नव्हतं, पण पुढं जायला जागाही दिसत नव्हती.

दुपारी बाया जमल्या. खोली भरली. नणंदबाई मोर्शीहून आल्या त्याच फणफणत. हळदीकुंकू लावून घेतलं, आणि बसता बसता सुरू झाल्या.

"काहून वो लहाने, कशाची पावडर देल्ली होती तू? सुनेच्या माहेरचे आले माह्या घरी. पयल्यांदा आले. म्या म्हटलं, चहा काय कोणीबी देते, आपण भारी कोको देऊ. दोन लिटर दूध ठेवलं, बरणीवर लिवलं तसं चमच्यानं मोजून टाकलं. सगळं दूध फाटलं! व्याह्यायसमोर दुधाचा गंज उचलून मोरीत ओतला म्या. घरात दुसरं दूध नाही. नुसत्या पाण्यावर बसले ते लोक."

बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, शिकल्यासवरल्याचं वाण असंच असतं. कोपऱ्यातून कुणी म्हणालं, आपले डबेच बरे होते बाप्पा. माझे डबे! दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून मी आठवडाभर आनंदात राहिले असते.

जावेनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिला माहीत होतं, तिनं चाखला होता. मला माहीत होतं. ती बरणी मी या हातानं नणंदबाईंच्या ओटीत घातली होती. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. मी पानाच्या तबकातली सुपारी सरळ करत बसले.

"माह्यंच काई चुकलं असन, बाई," जाऊ म्हणाली. "कोको जुना आला असन. माफ करा."

"माफ काय कराचं, नाक तं गेलं ना!" नणंदबाई म्हणाल्या.

मुलगी दारात तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. ती आत आली, सगळ्यांना तिळगूळ दिला, मला दिला आणि माझ्याकडं न बघता आत गेली. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले. ती नळाखाली कप धूत होती.

"आई," ती पाठमोरीच म्हणाली, "त्या बरणीवर माह्यं अक्षर होतं."

एवढंच. लहानपणी खोटं बोलली की मी तिला ओट्याजवळ उभी करायचे, खरं सांगितल्याशिवाय जेवायला वाढायची नाही. आज ती कप धूत होती आणि मी ओट्याजवळ उभी होते.

तेवढ्यात जाऊ आत आली. मुलीला म्हणाली, "जाय, बायायले पाणी दे." मुलगी गेल्यावर मी जावेवरच उखडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तसं. "तू काहून बोलली नाही? तुले तं माहीत होतं!"

"पोरगी पाहून राहिली होती ना, ताई," ती हळू म्हणाली. "तिच्यासमोर तुमाले कशी खाली पाहायले लावू? आई हाये तुमी तिची."

चांगल्या बाईच्या डोळ्यांत अशा वेळी पाणी आलं असतं. माझा जळफळाट झाला. माझ्या पोरीसमोर माझी लाज हिनं राखली होती. आईनं जे करायचं ते हिनं केलं होतं, आणि माझ्यासाठी केलं होतं. तेल लावून देणं सहन केलं, कांद्याची पात सहन केली, हे मला सहन होईना. हिच्याकडं चांगुलपणाही माझ्यापेक्षा जास्त असावा?

बाहेर नणंदबाई निघाल्या होत्या. दारात चपला पायात सरकवत होत्या, तीन-चार बाया मागं होत्या. मी तशीच बाहेर आले.

"बाई, थांबा. ते दूध माह्या बरणीनं फाटलं. लहानीच्या नाही. म्या गूळ टाकला होता, अन् तिच्या बरणीचे कागद माह्या बरण्यायले लावले. ती सांगून राहिली होती, म्या ऐकलं नाही."

नणंदबाई एक पाय चपलेत, एक बाहेर, अशा माझ्याकडं बघत राहिल्या. "मंग मघाशी तोंडात काय होतं तुह्या?"

त्यांनी दुसरी चप्पल घातली. "दुधाचं काई नाही, मोठे," म्हणाल्या. "दूध उद्या बी येते." आणि पायऱ्या उतरून गेल्या. मागच्या बाया एकमेकींकडं न बघता त्यांच्या मागून उतरल्या.

खरं सांगते, ते मी पश्चात्तापानं बोलले नाही. जावेला माझ्यापेक्षा मोठं होऊ द्यायचं नव्हतं म्हणून बोलले. पश्चात्ताप नंतर आला, परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूरच्या जवळपास, आणि आला तो चांगला मुक्काम करून राहिला.

बसस्टँडवर मुलगी सोडायला आली होती. बस लागल्यावर तिनं माझी पिशवी वर चढवून दिली. मग खिडकीशी येऊन म्हणाली, "आई, गुळाचा तो चांगला होता. म्या चाखला. पाण्यात चांगला लागते." मी मान हलवली. बस सुटली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा उरलेल्या एका बरणीवरचा जुना कागद तिनं पाण्यात भिजवून नखानं खरवडून काढला. ओट्याजवळ बसून नवा लिहिला. 'आईचा कोको. गरम पाण्यात. दुधात टाकू नये.' मी पोळ्या लाटत होते. 'क'ची शेपूट तशीच, मी घोटून घेतलेली. बरणी फळीवर पुढं ठेवली आहे, आल्यागेल्याला दिसेल अशी.

दिवाळीला अकोल्याला गेले तर जावेच्या फळीवरही बरणी होती. 'काकूचा कोको.' त्याच हाताचं अक्षर. जाऊ पाणी आणायला आत गेली, तेवढ्यात मी ती बरणी खाली काढली, चष्मा लावला आणि उजेडात धरून बघितली. कोणता 'क' जास्त मन लावून काढला आहे, ते बघत होते.